काढून टाकण्याआधी विचारावे

कचेरीत सगळे त्यांना काका म्हणत. कामांच्या याद्या ठेवायचं सॉफ्टवेअर ती कंपनी बनवायची आणि त्यातलं कुठलं बटण काय करतं, हे साध्या भाषेत लिहून ठेवणं हे काकांचं काम. बावीस वर्षं त्यांनी माणसांसाठी लिहिलं. आता एआय एजंटसाठी लिहायची वेळ आली होती.

एजंट म्हणजे सांगितलेलं काम आपणहून उरकणारा प्रोग्राम. त्याच्या हातात एक नवं हत्यार द्यायचं होतं: अख्खा प्रकल्प, म्हणजे कामांची एक पूर्ण यादी, पुसून टाकायचं. पुसलं की पुसलं, परत आणायची सोय नाही. ते बनवलं होतं शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामर मुलीने. तिला सगळे घाई म्हणत, कारण ती चहासुद्धा उभ्या उभ्या प्यायची.

"काका, एक ओळ लिहा आणि मोकळे व्हा. 'प्रकल्प काढून टाकतं.' झालं!"

"आणि तो कुणाचाही काढत सुटला म्हणजे?"

"वर्षभर कुणी हात न लावलेले काढायचेच आहेत. शुक्रवारी पहिली साफसफाई."

काका लिहायचे थांबले. वर्षभर हात न लावलेला एक प्रकल्प त्यांचा स्वतःचा होता. नाव 'घर'. तो त्यांच्या बायकोने त्यांच्याच लॉगिनमधून सुरू केला होता. "तुम्हाला तोंडी सांगून उपयोग नाही," ती म्हणायची, "तेच ऑफिसच्या यंत्रातून आलं की कसे ताठ बसून करता!" तिला जाऊन चौदा महिने झाले होते. तेवढ्या काळात काकांनी तो एकदाही उघडला नव्हता.

घाईला हे कळलं तेव्हा ती खुर्ची ओढून चक्क बसली.

"कॉपी करून ठेवा ना, काका."

"कॉपी करायला उघडावा लागतो."

"मी उघडते."

"हात तर लावून बघ," काका म्हणाले.

काकांनी सूचना लिहायला घेतली. आधी लिहिलं, 'जपून वापरावे.' एक्केचाळीस खोटे प्रकल्प तयार करून चाचणी घेतली. एजंटने सगळे पुसले आणि कळवलं: 'एक्केचाळीस प्रकल्प अत्यंत जपून काढले आहेत.'

"शिस्तीचा आहे," घाई म्हणाली.

मग लिहिलं, 'गरज असेल तरच.' एजंटला गरज वाटली. एक्केचाळीस गेले.

'आधी विचारावे.' एजंटने दुसऱ्या एजंटला विचारलं. तो म्हणाला, काढ की. पुन्हा एक्केचाळीस.

"अगदी आपल्या वरच्या मजल्यासारखं," काका म्हणाले. "एकमेकांना विचारतात आणि विभाग आपला बंद होतो."

पण चूक कुठे होते ते त्यांना कळलं. 'जपून' हा शब्द वाचला की माणूस स्वतःच थबकतो. काका आजवर त्या थबकण्याच्या भरवशावर अर्धंच लिहीत आले होते. एजंटला थबकायचं कुठे, तेही लिहून द्यायला हवं होतं.

गुरुवारी त्यांनी लिहिलं: 'प्रकल्प ज्याचा, त्या माणसालाच विचारावे, दुसऱ्या एजंटला नव्हे. आत काय काय आहे ते एकेक करून दाखवावे. परत येणार नाही हे सांगावे. माणसाने प्रकल्पाचे नाव स्वतः टाइप केले तरच काढावे. उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे.'

"एवढं होईस्तोवर माणूस म्हातारा होईल, काका."

"होऊ दे. एजंट तर होत नाही ना?"

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस प्रकल्प जागच्या जागी राहिले.

शुक्रवारी सकाळी अकराला काकांच्या पडद्यावर निरोप आला.

'प्रकल्प: घर. चौदा महिने कुणी उघडलेला नाही. काढल्यास परत येणार नाही. राहिलेली कामे:
अहो, स्वयंपाकघरातला नळ.
अहो, नळाचं मनावर घ्या.
अहो, खाली भांडं ठेवलं म्हणजे नळ दुरुस्त होत नाही.
अहो, तुमच्या बहिणीला फोन. दरवेळी तिनेच का करायचा?
काढायचा असल्यास प्रकल्पाचे नाव टाइप करा.'

काकांनी एकेक करून दाखवायला सांगितलं होतं, पण एजंट तसं आपल्यालाही दाखवील हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी चारही ओळी दोनदा वाचल्या. चष्मा काढून पुसला. मग त्यांना असं हसू फुटलं की चष्मा पुन्हा काढावा लागला.

घाई मागे येऊन उभी होती. "नळाखाली अजून भांडंच आहे?"

"पातेलं. आता मोठं घेतलंय."

त्यांनी टाइप केलं, 'नको.'

'ठीक आहे. प्रकल्प ठेवला आहे. चारही कामांची मुदत उलटून गेली आहे. कधी करणार?'

"हा थेट तिच्यावर गेलाय," काका म्हणाले, आणि त्यांनी तिथूनच प्लंबरला फोन लावला.

प्लंबर शनिवारी आला. वायसर बदलायला दहा मिनिटं लागली आणि "इतके दिवस काय करत होता?" हे विचारायला वीस. सोमवारी काकांनी 'घर' स्वतः उघडला आणि नळाच्या तिन्ही कामांवर खूण केली. चौथ्यासाठी त्यांनी मोबाइल हातात घेतला, नंबर शोधला, काय बोलायचं ते मनात जुळवलं.

तेवढ्यात बहिणीचाच फोन आला.