शून्य तास चाललेली हार्ड डिस्क

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझ्या खोक्यावर 'नवी' असे छापले आहे, त्यावर जाऊ नका.

मित्रांनो, कारखान्यातून मी थेट एका सोसायटीच्या गेटवर, कॅमेऱ्याच्या पेटीत गेले. पाच वर्षे रात्रंदिवस येणारे-जाणारे टिपले. एकदा माझ्यामुळे चोरीची सायकल सापडली, तेव्हा सेक्रेटरींनी माझे कौतुक केले. कौतुक एका दिवसाचे, धूळ मात्र रोजची. सतत माणसांवर नजर ठेवून माझा स्वभावच संशयी झाला. पुढे पेटी बदलली आणि मी भंगारातून भाईंदर पश्चिमेला केतनच्या दुकानात आले. त्याने माझ्या आत नोंदलेले कामाचे तास पुसून शून्य केले, नवे लेबल लावले, सील ठोकले.

एके दिवशी तारोडीहून हेमांगी आली. सोबत तिची आई रखमाबाई, जन्मभर मासळी विकलेली. सोमवारी त्यांच्या घशाचे ऑपरेशन होते. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. म्हणून हेमांगीने त्यांची हळदीची गाणी फोनमध्ये उतरवली होती. फोन गच्च भरला होता. गाणी माझ्यात ठेवून ती फोनमधून पुसणार होती. मी हादरलेच.

"सील पॅक आहे मॅडम, एकदम फ्रेश," केतन म्हणाला.

हेमांगी पैसे काढू लागली. रखमाबाईंनी तिचा हात धरला. "कल्लं उघरून बगल्याबिगर मावरं घ्याचा न्हाय. हिचा आतला दाखव म्हनावं."

"आई, मासळी नाही, मशीन आहे ते."

"मंग काय झाला?"

"सील तोडलं तर घ्यावंच लागेल," केतन म्हणाला.

"तं नको आमाला," म्हणत रखमाबाई उठल्या. गिऱ्हाईक जाते म्हटल्यावर केतनने मला कॉम्प्युटरला जोडले.

हेमांगीने माझ्या तब्येतीची नोंद उघडायला लावली. चाललेले तास शून्य. खाली, निकामी झालेल्या जागा दोनशे बारा. हा आकडा पुसायचा राहून गेला होता.

"एक तासही न चालता एवढी खराब कशी झाली?"

"होतं कधी कधी," केतन पुटपुटला. मायलेकी निघून गेल्या.

मला हायसे वाटले आणि रडूही आले. ती गाणी जपायला मला फार आवडले असते. खरे वय सांगून विकले असते, तर मूळ गाणी दुसरीकडे ठेवून तिने जादा प्रत मला दिली असती आणि ती मी नक्की सांभाळली असती.

केतन आता तोही आकडा पुसतो आहे. उद्या मला उघडून पाहिलेत, तरी तुम्हाला काही कळणार नाही. म्हणून हात जोडते मित्रांनो, जे पुन्हा मिळणार नाही, ते माझ्या एकटीच्या भरवशावर सोडू नका.