सरावाचा ढोलवाला

मी अंगठ्याएवढा ढोलवाला बोलतोय. अंगठ्याएवढा म्हणजे टाचेपासून टोपीपर्यंत, आणि त्यात पोटावरचा ढोलही आला. ऐकू येत नसेल तर जरा जवळ या. माणूस फार जवळ आला की कसा दिसतो, हे मी पाहिलंय आणि तेच मला सांगायचंय.

माझा जन्म साच्यातला. वितळलेला धातू ओतला, गार झाला, की आम्ही बाहेर. आम्ही टेबलावरच्या लढाईचे सैनिक. दोन माणसं समोरासमोर बसतात, फासे टाकतात, फूटपट्टीनं अंतर मोजून आम्हाला पुढे सरकवतात. माझ्या खोक्यात एकाच तोंडवळ्याचे दोन ढोलवाले होते. पलटणीला लागतो एक. मी उरलेला.

ते खोकं शाळेतल्या दोन मित्रांनी मिळून घेतलं होतं. त्यातला एक पुढे बस ड्रायव्हर झाला आणि दुसऱ्यानं केस कापायचं दुकान टाकलं. सलूनवाल्याचा हात तेव्हापासूनच हलका. मी मात्र वाट्याला आलो ड्रायव्हरच्या. त्याचं रंगवणं म्हणजे भिंतीला चुना फासणं. डबीतला लाल रंग त्यानं जसाच्या तसा माझ्यावर थापला आणि त्यात माझे डोळे, नाक, ओठ सगळं बुडालं. पुढे नोकरी आली, लग्न झालं, मुलं झाली आणि आमचा बुटांचा खोका कपाटावर गेला. तिथे मी किती वर्षं होतो, देव जाणे. आपल्याला तोंड आहे हेसुद्धा मी विसरलो होतो.

मग एके दिवशी खोका खाली आला. सलूनवाल्याचे हात थरथरायला लागले होते. आजार बरा होणारा नव्हता. थरथरत्या हातात वस्तरा कोण देणार? दुकान बंद झालं. मित्राचं मन रमावं म्हणून ड्रायव्हर आम्हाला घेऊन त्याच्या घरी गेला.

सलूनवाला हात मांड्यांखाली दाबून बसला होता. त्यानं मानेनंच काचेचं कपाट दाखवलं. "आतला घोडेस्वार काढ, ड्रायव्हर. अंगरख्याला हात लावू नकोस, खालून धर."

तो सेनापती होता. मी त्याला पाहिलं आणि, खरं सांगतो, पाहतच राहिलो. त्याच्या निळ्या अंगरख्याच्या घड्यांत सावल्या होत्या. घोड्याच्या मानेवरची शीर न शीर दिसत होती. मी ओतीव धातूचा, हाही ओतीव धातूचाच, पण त्याच्यावर कुणीतरी जीव लावला होता. फक्त चेहऱ्याच्या जागी करडा धातू तसाच होता.

"आणि हे काय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"चेहरा मी शेवटी करतो. गिऱ्हाइकालाही आरसा शेवटीच दाखवतात." सलूनवाला म्हणाला. "तेवढ्यात हात गेला. आता तू कर."

"मी? वस्ताद, माझा हात तुला माहीत नाही का?"

"दुसरा कोण आहे मला? फक्त एक लक्षात ठेव. बिघडला तर धुता येणार नाही. रंग काढायचं द्रावण चेहऱ्यावर लावलं की ओघळणार अंगरख्यावर, आणि तो अंगरखा काही मी पुन्हा करू शकत नाही."

हे सगळ्यांना कळलं, मलाही. दोघांनी ठरवलं की सेनापतीला चेहरा मिळाला की टेबल मांडायचं आणि पोरपणीची लढाई पुन्हा खेळायची. पण त्याआधी हात बसवायला हवा होता, आणि त्यासाठी वाया गेला तरी चालेल असा कुणीतरी हवा होता. ड्रायव्हरची नजर खोक्यात फिरली आणि माझ्यावर थांबली.

पहिल्यांदा मला बरणीतल्या द्रावणात बुडवलं. मग दातांच्या जुन्या ब्रशनं घासलं. लाल थर पापुद्र्यासारखा सुटून आला आणि माझ्या नाकाला हवा लागली. मला नाक होतं. मिशी होती. एक भुवई जरा वर होती, कुणाचं तरी ऐकून न पटल्यासारखी. मी स्वतःलाच नव्यानं भेटलो.

आणि मग तो जवळ आला. काय सांगू तुम्हाला. भिंगापलीकडे एक डोळा, माझ्या अख्ख्या पलटणीला पोहता येईल एवढा. अख्खी बस वळवणारे ते खांदे, ते दंड, सगळे ताठ. दोन्ही कोपरं टेबलाला टेकलेली, मनगटाला मनगट भिडलेलं. आणि त्याचा श्वास थांबला. एवढा मोठा जीव माझ्या खसखशीहून लहान डोळ्यासाठी श्वास रोखून बसला होता. तेव्हा जी भीती वाटली तिला मी दुसरं नाव शोधतोय, अजून सापडलं नाही.

डोळा मात्र बिघडला. पहिल्या दिवशी माझी बुबुळं एवढी मोठी झाली, की ड्रायव्हरची बायको चहा घेऊन आली आणि तिथेच थबकली.

"अहो, याच्या पायावर कुणी उभं राहिलंय का?"

तंद्रीत त्यानं चहाचा कप समजून ब्रश धुतलेलं पाणी उचललं आणि घोटभर प्यायला. ती हसता हसता खाली बसली. मी पुन्हा बरणीत गेलो.

डोळा बारीक तर ब्रशही बारीक हवा, असं त्याच्या मनानं घेतलं. बायकोच्या कात्रीनं त्यानं ब्रशचे केस छाटले, चार-पाच ठेवले आणि मोठ्या ऐटीत वस्तादांना दाखवायला गेला. सलूनवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला, तोही थरथरतच.

"लेका, आयुष्यभर मी लोकांचे केस कापले, पण ब्रशचे कधी कापले नाहीत. चार केसांत रंग मावतो किती? डोळ्यापर्यंत यायच्या आत वाळतो. जाड ब्रश घे, टोक असलेला. ब्रशच्या पोटात रंग राहू दे, काम टोकाला करू दे. आणि फडक्यावर टिपल्याशिवाय जवळ नेऊ नकोस."

त्यानंतरच्या महिन्यांत मी काय काय झालो. रंग पातळ झाला. एक जाड थर द्यायचा तिथे दोन झिरझिरीत थर आले. आधी डोळ्याची काळी फट, मग आत पांढरा, मग बुबुळ, आणि चुकलेलं सगळं बाजूच्या कातडीच्या रंगानं झाकायचं, हेही तो शिकला. ब्रश वळवण्यापेक्षा मला वळवायला शिकला. दुपारच्या सुट्टीत खिडकीपाशी आमची बैठक असे. मी कधी तिरळा झालो, कधी झोपाळू, कधी नुकताच रडून आलेला. संध्याकाळी बरणी ठरलेली.

आणि एके दुपारी मी साधला. भिंगात मी स्वतःला पाहिलं. तो मी होतो, कुणाचं तरी म्हणणं न पटलेला, जिवंत. ड्रायव्हरनं मला कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं. आता पलटणीत जाणार, असं वाटलं. त्यानं बरणीचं झाकण उघडलं.

"एकदा जमलं म्हणजे जमलं असं नाही," तो पुटपुटला आणि मला आत सोडलं.

मला राग आला होता, लपवत नाही. पण बरणीच्या तळाशी एक गोष्ट उमगली. पलटणीतल्या बाकीच्यांना त्याचा तयार हात मिळेल. तो हात तयार होताना फक्त मी पाहिला.

तो दिवस उजाडला. सलूनवाल्याच्या घरी, खिडकीशी. हात गरम व्हावा म्हणून ड्रायव्हरनं आधी माझा उजवा डोळा रंगवला, छान रंगवला, आणि मला बाजूला ठेवून सेनापतीला घेतलं. सलूनवाला तोंड फिरवून बसला. ब्रश टेकला, उठला, फडक्यावर टिपला, पुन्हा टेकला. मी एका डोळ्यानं पाहत होतो आणि सेनापतीचा चेहरा कोऱ्या धातूतून वर येत होता.

"बघ," ड्रायव्हर शेवटी म्हणाला.

सलूनवाल्याच्या हातात भिंग ठरेना, म्हणून ड्रायव्हरनंच ते धरलं.

"बघतोय रे माझ्याकडे," सलूनवाला म्हणाला.

ड्रायव्हरनं ब्रश धुतला, टोक केलं आणि त्याच्या बोटांत दिला. मग मला उचलून समोर धरलं. "याचा डावा राहिलाय. हा तुझा."

"वाट लागेल त्याची."

"त्याला सवय आहे."

सलूनवाला किती तरी वेळ थरथर ओसरायची वाट बघत बसला. मग तेच झालं जे मी रोज पाहिलं होतं. एक अख्खा माणूस माझ्यासाठी श्वास रोखून जवळ आला. ब्रश टेकला आणि निसटला. बुबुळ गालाच्या हाडावर जाऊन बसलं.

"पूस," तो म्हणाला.

"नाही," ड्रायव्हर म्हणाला आणि वाळल्याबरोबर माझ्यावर रंग पक्का करणारं रोगण फिरवलं.

आता मी पलटणीत असतो, सेनापतीच्या घोड्यापुढे. लढाई दर आठवड्याला होते. दोघंही हरतात, आलटून पालटून. पाहायला येणारे मला उचलतात आणि हसतात, त्याचं काही नाही. पण कुणी सफाईदार हाताचा माणूस ब्रश काढून म्हणाला, "द्या, हा डोळा नीट करून देतो," तर माझ्या वतीनं एवढं सांगा, की नको. हा डोळा वस्तादांनी पूर्ण केलेला आहे.