जमिनीवरची गादी

लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला श्रीनिवास आणि मधुमती जपानला जाणार होते. पण श्रीनिवासचा पार्किन्सन्स वाढला आणि तेवढा विमानप्रवास झेपण्यासारखा राहिला नाही. मग लंडनजवळ स्लाऊला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं, साकेतनं, वेल्समध्येच जपानी पद्धतीचं एक छोटं अतिथीगृह शोधून काढलं. मिचिको नावाची साठीची जपानी बाई ते एकटीच चालवायची. कॉव्हेंट्रीतल्या त्यांच्या घरापासून तीन तासांचा रस्ता, आणि गाडी मधुमतीच चालवत होती.

पहिला दिवस छान गेला. सरकती कागदी दारं, गवती चटयांचा वास, बाहेर पावसात भिजणाऱ्या मेंढ्या. झोपायला जमिनीवर गाद्या होत्या. मधुमती घुटमळली.

"अहो, जमेल ना? बेड मिळतो का विचारू?"

"अजिबात नाही. इथं येऊन बेडवर झोपायचं, तर घर काय वाईट होतं?"

सकाळी सात वाजता त्याला उठता येईना.

तिनं त्याला कुशीवर वळवलं, गुडघा दुमडून दिला. आधाराला खोलीत एक खुर्चीसुद्धा नव्हती. तीस वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून तिनं पेशंटच्या नातेवाइकांना सांगितलं होतं, पडलेल्या माणसाला एकट्यानं उचलू नका. आता ती स्वतःच त्याच्या काखेत हात घालून ओढत होती. तिच्या खांद्यातून कळ गेली आणि तो पुन्हा गादीवर पडला.

"मिचिकोला बोलावते."

"नको. गोळी लागू पडली की उठतो मी."

तिनं गोळी दिली. पाऊण तास गेला. पाय लाकडासारखेच.

"मधू," तो छताकडे बघत म्हणाला, "बाथरूमला जायचंय."

तिनं पुन्हा प्रयत्न केला, मग टॉवेल आणायला धावली. ती येईपर्यंत उशीर झाला होता. श्रीनिवासनं डोळे मिटून घेतले. हजारो माणसांना भूल देताना ज्याचा हात कधी थरथरला नव्हता, त्याचे कपडे ती बदलत होती.

आठ वाजता मिचिको नाश्त्याचा ट्रे घेऊन आली. बघताक्षणी तिला सगळं कळलं. दोघींनी मिळून उचलायला बघितलं, पण तो मधेच निसटायला लागला तेव्हा घाबरून त्याला पुन्हा खाली ठेवलं. शेवटी मिचिकोनं अँब्युलन्सला फोन लावला. पेशंटला लागलेलं नाही, शुद्धीवर आहे, म्हणजे थांबावं लागणार होतं. दोन तास, कदाचित तीन.

मधुमतीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं भात भरवला. तेवढ्यात साकेतचा फोन आला, इंग्लंडमध्येच वाढलेल्या त्याच्या मोडक्या मराठीत.

"आई, रूम कसा आहे? बाबांना गादी आवडला का?"

श्रीनिवासनं मान हलवली. सांगू नकोस.

"छान आहे रे," ती म्हणाली. "ब्रेकफास्ट चाललाय."

"अमेझिंग! नेक्स्ट इयर पण बुक करतो."

साडेअकराला हिरव्या गणवेशातली दोन माणसं आली. त्यांनी श्रीनिवासखाली हवेची उशी सरकवली, पंपानं फुगवली आणि दोन मिनिटांत त्याला बसता करून उभं केलं. तो ओशाळून हसला, थँक यू म्हणाला.

त्यांच्यातल्या बाईनं फॉर्म भरता भरता विचारलं, "घरी यांच्यासोबत कोण असतं?"

"माझी बायको," श्रीनिवासनं लगेच सांगितलं. "ती डॉक्टर आहे. सगळं मॅनेज करते."

बाईनं मधुमतीकडे बघितलं. मधुमती एका हातानं दुखरा खांदा दाबून उभी होती.

"नाही," ती म्हणाली. "मला आता होत नाही."

श्रीनिवासची मान खाली गेली. ती बाई मदतीच्या व्यवस्थेबद्दल, घरी येणाऱ्या केअररबद्दल समजुतीनं सांगत राहिली. मधुमती हो, हो म्हणत होती, पण लक्ष त्याच्याकडे होतं.

दुसऱ्या रात्रीचं बुकिंग सोडून दोघं दुपारीच निघाली. मिचिको गाडीपर्यंत आली, कमरेत वाकून उभी राहिली. ओल्या गादीबद्दल मधुमतीनं तिची तीनदा माफी मागितली.

तासाभरानं गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

"अहो, रागावलात?" शेवटी तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "तुला होत नाही म्हणालीस, तेव्हा मला रागवायचं होतं. तेही नाही जमलं."

ती गाडी चालवत राहिली.