वर आली की सांगतो

"अजी, हा दाढीचा आरसा टाक्यात काहून लावला?"

मीराचा आवाज अंगणातून आला तेव्हा देवीदास आत चहा गाळत होता. तो कप भरून बाहेर घेऊन आला.

"टाक्यातल्या पान्याले दाढी आली का?"

"असू दे ना व. कामाचा हाय तो."

काम सांगता आलं असतं, पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. त्याने घरीच एक छोटी पाणबुडी बनवली होती. ती पाण्यात तोलायची तर दोन माणसं लागतात. एकाने पाण्यात हात घालून शिशाचे तुकडे पुढे-मागे सरकवायचे आणि दुसऱ्याने डोळे पाण्याच्या पातळीला आणून पाणी कुठल्या रेषेला टेकलं ते सांगायचं. रायपूरजवळच्या बीरगांवच्या त्या दोन खोल्यांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं, म्हणून आरसा. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून, मान वाकडी करून आरशात रेषा बघत देवीदासने सगळा हिवाळा काढला होता. शेजारपाजारचे लोक कंपाउंडवरून डोकावत आणि 'रिटायर माणूस, चालायचंच' असं म्हणून आपल्या कामाला लागत.

लेकीच्या, मोनालीच्या बाळंतपणासाठी मीरा नागपूरला गेली ती तीन महिन्यांचं सांगून. आता ते बाळ घरभर पळत होतं. मोनाली नर्स, ड्यूटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. जावई नोकरीनिमित्त गडचिरोलीला. पोराला सांभाळणार कोण? यात चूक कोणाचीच नव्हती आणि तीच मोठी पंचाईत होती. चूक असती तर देवीदासला निदान रागावता तरी आलं असतं. रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवलात का, काय केलं, गोळी घेतली का. मग मागे पोट्टा रडायचा आणि फोन संपायचा.

नोकरी होती तेव्हा एकटेपणाला वेळच मिळत नव्हता. सिलतऱ्याच्या एका कारखान्याच्या गेटवर वजनकाटा होता, त्या काट्याच्या केबिनमध्ये त्याची उमर गेली. भरलेला ट्रक आत, रिकामा बाहेर. खिडकीतून हात यायचा, पावती जायची. 'बाबू, जल्दी करो' यापलीकडे कोणी फारसं बोलत नसे, पण दिवसभर माणसांचे आवाज कानावर असत. निवृत्त झाल्यावर घरात फक्त फ्रीजचा आवाज राहिला. रिकाम्या माणसाला फोन काय दाखवील याचा नेम नाही. त्याला एक दिवस कुठल्याशा परदेशी म्हाताऱ्याने बनवलेली पाणबुडी दिसली. तळ्यात बुडते काय, दूरवर जाते काय, रिमोटची दांडी दाबली की वर येते काय! देवीदासने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. त्यातलं बोलणं त्याला कळलं नाही, पण गोष्ट कळली. हा सगळा वजनाचाच खेळ होता, आणि वजन म्हणजे त्याच्या घरचं काम.

प्लंबरच्या दुकानातला जाड पाइप, दोन्ही टोकांना रबरी वॉशर लावून घट्ट बसवलेली झाकणं. त्याच्या आत बॅटरी, मोटर आणि गुरांना टोचायची मोठी सिरिंज. मोटर फिरली की सिरिंज पाणी ओढते, पाणबुडी जड होऊन बुडते. उलटी फिरली की पाणी बाहेर जातं आणि ती वर येते. पाइपवर फायबरचं कवच, त्यावर छोटा मनोरा, कवचाला राखाडी रंग, बाजूने तोल कळावा म्हणून एक पांढरी रेषा. आजकालचे रिमोट पाण्याखाली पोचत नाहीत हे त्याला आधीचा एक वाया गेल्यावर समजलं. मग भिलाईच्या एका माणसाकडून लांब अँटेनाचा जुना सेट आणला. शिसं मात्र तळ्यावरच्या भैय्यालालने दिलं. भैय्यालालने तळं मासळीसाठी ठेक्याने घेतलेलं, त्याच्या जाळ्यांना शिशाचे मणी असतात, त्यातले ओंजळभर.

हे सगळं मीराला दाखवायचं होतं. आणि दाखवून झालं की एक गोष्ट सांगायची होती. पोराला घेऊन इकडेच ये, नाहीतर मला तिकडे बोलाव, पण आता असं नको. एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने असलं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. ते फोनवर येत नव्हतं, आणि समोर बसून तर मुळीच येत नव्हतं. हातात काही काम असतं तर कदाचित आलं असतं.

मोनालीला दोन दिवस सुट्टी मिळाली म्हणून मीरा आली होती. आज दुपारच्या गाडीने परत. काल आल्या आल्या पदर खोचून ती कामाला लागली. जाळी काढली, डबे घासले. आज सकाळी देवीदास नाक्यावर जलेबी आणायला गेला तेवढ्यात तिने उरलेलं घरही लख्ख केलं आणि पिशवी भरून दाराशी ठेवली. पिशवीत वर मसाल्याचा डबा होता. साडी नेली तर बाई परत येते. मसाल्याचा डबा नेला म्हणजे चूल तिकडे मांडली.

"सकाळपासून तुमी काही सांगाले पाहून राहिले," चहा पिताना मीरा म्हणाली. "सांगा ना."

"चाल तळ्यावर. ते पानबुडी दाखवतो."

"आन् सांगाचं?"

"खाली जाऊन वर आली का सांगतो."

मीरा हसली. "लहान पोट्ट्यावानी करून राहिले." पण रिमोट तिने स्वतःहून उचलला आणि पोराला घ्यावं तसा कडेवर धरला.

तळ्याच्या घाटावर उन्हं तापली होती. भैय्यालाल होडीत बसून जाळं साफ करत होता. मीराला पाहताच त्याने हात जोडले.

"आगेस भौजी! भैया त रोज तोर रद्दा देखत रिहिस."

रायपुरात उभा जन्म गेलेल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. देवीदास तुझी रोज वाट बघत होता, असं तो म्हणाला होता. मीराने देवीदासकडे पाहिलं नाही. साडी सावरून ती घाटाच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ जोडवं नीट करत राहिली.

देवीदासने पाणबुडी पाण्यात सोडली आणि त्याचा हात तिथेच थांबला. पांढरी रेषा दिसत नव्हती. ती पाण्याखाली गेली होती आणि नाकही थोडं झुकलं होतं. असं होणं शक्य नव्हतं, परवाच तिचा तोल बरोबर लागला होता. त्याने ती उचलली, कवचाचं पुढचं झाकण काढलं. नाकाची पोकळी स्वच्छ होती. फडक्याने पुसलेली, साबणाचा वास येणारी. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्मोकोलचे बारीक तुकडे त्याने तिथे एकेक करून बसवले होते, ते कुठेच नव्हते. अजून कमीजास्त करायचे म्हणून चिकटवलेले नव्हते. दिसायला ते कचराच होते. महानगरपालिकेची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

त्या तुकड्यांमुळे पाणबुडी सिरिंज पूर्ण भरूनही पाण्यापेक्षा जराशी हलकी राहायची, खाली राहायची ती फक्त चालीच्या जोरावर. मोटर बंद पडो, बॅटरी संपो, ती आपल्या आप वर यायची. आता ती येणार नव्हती.

घाटावर मूर्तीच्या सजावटीचा जुना थर्मोकोल पडलेला होता. तुकडा कापून अर्ध्या तासात सगळं जागेवर आणता आलं असतं. पण मग सांगावं लागलं असतं की तू काय फेकलंस. दीड वर्षाने आलेल्या बाईने घर झाडलं आणि आपण तिला घाटावर बसवून तिचा दोष दाखवायचा? देवीदासने झाकण लावलं. वरच्या वर फिरवू, बुडवायची नाही, असं त्याने ठरवलं.

पाणबुडी पाणी कापत निघाली. कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघू लागल्या. मीरा उठून उभी राहिली. "अव माय! चालते की हे!"

"चालते तर."

"तुमी बनवली? एकट्यानं?"

"मंग काय?"

ती पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली. तिचा चेहरा असा फुललेला त्याने फार दिवसांनी पाहिला होता. "खाली कवा जाते? खाली जाते म्हनत होते ना? लवकर करा जी, माही गाडी हाय."

नाही म्हणणं देवीदासला जमलं नाही. थोडीशीच, लगेच वर काढू, असं मनाशी म्हणत त्याने दांडी खाली ओढली. नाक झुकलं, पाठीवरून पाणी गेलं, मनोरा गेला. मीराने टाळी वाजवली. त्याने लगेच दांडी वर ढकलली. पाण्यावर बुडबुड्यांची एक ओळ आली, ती तळ्याच्या मध्याकडे सरकली आणि थांबली.

"किती वेळ राहते खाली?"

"येते आता."

तो दांडी ढकलून उभा होता. रिमोटचा रेडिओ हात-दीड हात पाण्याखाली पोचायचा, त्यापुढे नाही, आणि पाणबुडी केव्हाच त्यापुढे गेली होती. तो घाटाच्या या टोकाला गेला, त्या टोकाला गेला, अँटेना उंच धरून पाहिली. बायका पुन्हा कपडे आपटू लागल्या. भैय्यालालने होडी मध्यावर नेऊन बांबूने चाचपलं. "चिखला हे भैया, अब्बड़ चिखला," तो ओरडला. "काली जाल डारबो." तळाशी गाळ फार होता, जाळं उद्याच टाकता आलं असतं.

मीरा जवळ येऊन उभी राहिली. ती आता हसत नव्हती.

"एक इचारू? तिच्या तोंडात थर्मोकोल होतं. मी सकाळी कचरा समजून फेकलं. त्याच्यानं तर नाई झालं?"

"नाई नाई. ते फालतूच होतं."

"खरं सांगा."

"मोटर अडकली असन. तुहा काय संबंध? येते ते वर. थोडा टाइम लागते."

"मी थांबू का? मोनालीले फोन करतो, उद्या येतो म्हनून."

देवीदासने तिच्याकडे पाहिलं. थांब म्हणायचं होतं. पण ती थांबली असती ती अपराध्यासारखी, आणि उद्या जाळ्यात काय येईल ते तिच्यासमोर आलं असतं. शिवाय मोनालीची उद्या सकाळची ड्यूटी होती. "नको," तो म्हणाला. "गाडी सुटन. चाल."

स्टेशनवर त्याने पिशवी तिच्या सीटखाली सारली, मसाल्याचा डबा आडवा होणार नाही असा बघून ठेवला. गाडी हलेपर्यंत दोघं पोट्ट्याच्या दातांबद्दल बोलले. "पोचली का फोन करजो," तो म्हणाला. "गोळी घेजा," ती म्हणाली.

तिथून तो घरी गेला नाही. रिमोट त्याच्या पिशवीतच होता. उन्हं उतरली तेव्हा तो पुन्हा घाटावर बसला होता. भैय्यालाल होडी बांधून घरी गेला होता. पलीकडच्या काठावर म्हशी पाण्यातून निघत होत्या. फोन वाजला.

"डोंगरगड गेलं," मीरा म्हणाली. गाडीच्या खडखडाटात ती मोठ्याने बोलत होती. "मले राहवलं नाई. आली का जी वर?"

देवीदास पाण्याकडे बघत होता. पाणी सपाट होतं.

"हव," तो म्हणाला. "आली."

"खरं?"

"तू गेली आन् आली. आपल्या आपच. पुसून ठेवली घरी."

पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. "बरं झालं बाप्पा. जीव लागून राहिला होता माहा. सगळ्या रस्त्यानं तेच डोयापुढं. म्हटलं आपल्या हातानं यांच्या मेहनतीची माती झाली." मग ती म्हणाली, "मंग सांगा आता. वर आली का सांगतो म्हनले होते."

वाक्य तयार होतं. हिवाळाभर टाक्यात हात बुडवून तयार केलेलं. आणि ऐकायला ती तयार होती, अशी वेळ पुन्हा कधी येणार होती कोण जाणे. पण एवढं मोठं बोलणं खोट्यावर टेकवायला देवीदासचा जीव धजेना. जन्मभर काट्यावर बसलेल्या माणसाचा तो हट्ट होता, दुसरं काय!

"पुढच्या खेपेले आली का सांगतो," तो म्हणाला.

"लय मोठं हाय का?"

"नाई. लहानच हाय."

"बरं," ती म्हणाली. "मी येतो लवकर. तुमी जेवून घेजा."

"हव."

त्याने फोन खिशात टाकला. पाण्यावरचा उजेड हळूहळू गेला आणि घाट, काठ, पाणी सगळं एका रंगाचं झालं. दुसऱ्या हातात रिमोट होता. अंगठ्याने दांडी वर ढकलून धरली होती, फोनवर बोलतानाही. अंगठा दुखायला लागला होता. तो त्याने काढला नाही.