दातांत धरलेला पान्हा

सुकदेवने लांब पान्ह्याचं एक टोक इंजिनच्या हेडवर टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले.

गॅरेजात लोकांना वाटायचं, असेल एकेकाची लकब. कुणी म्हणायचं, नवा मिस्तरी उगाच भाव खातो. खरी गोष्ट इथे कामरेजमध्ये कुणालाच ठाऊक नव्हती. गावी मामाच्या हाताखाली इंजिनं शिकलेला सुकदेव सुरतेत आला तो पर्वत पाटियाच्या लूमखात्यात, यंत्रमागांवर, आणि तिथे अठरा वर्षांत त्याचे दोन्ही कान गेले. त्या खडखडाटात सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. ओठ वाचण्यात तो इतका तयार झाला होता की समोरच्याला पत्ता लागत नसे. पण बहिऱ्याला इंजिनाच्या कामावर कोण ठेवणार हो? मालक बन्सीलालने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "महिनाभर बघतो, मग पक्कं करतो. मिस्तरीचे आधी कान बघायचे, हात मागाहून." आज महिना संपत होता. सकाळी डबा देताना बायकोने, सुषमाने, पुन्हा तेच सांगितलं होतं, "कोनले सांगू नको."

हा ट्रॅक्टर शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या, ठाकोरभाईंच्या वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी विलायतेहून मागवलेला. उद्या ठाकोरभाईंच्या नातवाची वरात त्याच्यावरूनच निघायची होती, आणि आज इंजिन नुसतं ठोकत सुटलं होतं.

"बेअरिंग गेलं," बन्सीलाल म्हणाला.

सुकदेवने एकेका सिलिंडरची डिझेलची नळी सैल करून पाहिली. दुसरी सैल करताच दातांत बसणारे ठोके थांबले. त्याने पान्हा खालच्या ऑइलच्या टाकीला लावला. तिथे काही कळेना. सगळा मार वरच.

"बेअरिंग नाही, बन्सीभाऊ. डिझेलचं नोझल टपकतंय."

नोझल बदललं. इंजिन चालू झालं तसा सुकदेव दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. बन्सीलालच्या कपाळावरची आठी गेली. ठाकोरभाईंनी सुकदेवच्या पाठीत सणसणीत थाप मारली.

"आवाज गयो ने! वाह रे मिस्तरी!"

"जिंकलास," बन्सीलाल म्हणाला. "उद्यापासून तू पक्का."

सुकदेवला भडभडून आलं. सुषमाला केव्हा एकदा सांगतो असं झालं. खरं तर त्याने तिथेच पान्हा खाली ठेवायचा. पण हाताची सवय! वरचा दणका गेला, आता खालचं एकदा बघू म्हणून तो वाकला.

टाकीला पान्हा लागला आणि दातांत एक बारीक, बोथट ठोका बसला. मग दुसरा. मघाच्या दणक्याखाली हा दबून गेला होता.

पिस्टनच्या दांड्याचा बोल्ट ढिला होता. उद्या भर वरातीत तो सुटला, तर दांडा इंजिन फोडून बाहेर येणार, आणि मडगार्डवर पोरंटोरं बसलेली असणार. गप्प बसावं का? कुणाला कळणार होतं? आणि नाही बसलं, तर उद्या पुन्हा लूमच्या दारात उभं राहायचं.

"थांबा," तो म्हणाला. "अजून ठोकतंय. खालून. दांड्याचा बोल्ट ढिला आहे."

बन्सीलाल वैतागला. तरी वाकून त्याने टाकीशी कान नेला. ठाकोरभाईंनीही नेला. दोघांनी माना हलवल्या.

"काहीतरीच काय!" बन्सीलाल म्हणाला. "भास होतोय तुला. मला तर काही ऐकू येत नाही."

सुकदेवने पान्हा खाली केला.

"मलाही येत नाही, बन्सीभाऊ."

"म्हणजे?"

"मला काहीच ऐकू येत नाही. कान लूममध्येच गेले. तुमच्यापासून लपवलं, चुकलं माझं. पण दातांना कळतंय. ते खोटं नाही."

ठाकोरभाई गर्रकन वळले आणि पाठमोरेच हातवारे करत बन्सीलालला काहीबाही बोलू लागले. ते काय म्हणत होते, ते सुकदेवला कळलं नाही. तो पान्हा घट्ट धरून उभा राहिला. बन्सीलाल ठाकोरभाईंच्या खांद्यावरून त्याच्याकडे एकटक बघत होता.

मग तो पुढे झाला आणि त्याने इंजिन बंद केलं. तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली, बाहीने ओठ पुसले. सुकदेवच्या अगदी समोर येऊन उभा राहिला आणि एकेक अक्षर सावकाश उच्चारत म्हणाला,

"खोल."