दाराकडे तोंड करून

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, पण आज माझा आनंद चारही पायांत मावत नाहीये. घाईघाईत बोलले तर सांभाळून घ्या.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या आमच्या चर्चमधला एक मोडका बाक कापून सुताराने मला घडवलं. चर्चच्या सभागृहात मी लग्नाची जेवणं पाहिली, मयतानंतरचे चहा पाहिले. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला ग्रोनियाने बाहेर काढलं. ही मुलगी धर्मशास्त्राची संशोधक. इथल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट गोळीबाराच्या वर्षांत ज्यांची माणसं मारली गेली, त्यांच्या देवाशी असलेल्या नात्याचं पुढे काय झालं, हे ती त्यांच्याच तोंडून ऐकणार होती. आणि त्या कामाला मी! मी हरखून गेले.

पहिल्या आल्या मिसेस मॅकाटीर. त्यांच्या भावाला त्याच्याच दुकानात, दारातून गोळ्या घातल्या होत्या. आजवर त्या कुणापाशी बोलल्या नव्हत्या. मरण्याआधी एकदा बोलून टाकावं, म्हणून हिंमत करून आल्या होत्या. ग्रोनियाने मला खिडकीपाशी छान उजेडात ठेवलं होतं, दाराकडे पाठ करून. बाई बसल्या आणि सारख्या मागे वळून पाहू लागल्या. मागे कुणीतरी दार ढकललं, तशा त्या उठल्या. "गॅस चालू राहिलाय बहुतेक," एवढं म्हणून निघून गेल्या.

ग्रोनिया हिरमुसून माझ्यावरच बसली. पुन्हा दार वाजलं आणि ती दचकून वळली. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मी तर केव्हाची कुरकुरत होते!

ती बाईंच्या घरी गेली, माफी मागून आली. पुढच्या आठवड्यात बाई परत आल्या.

"कुठं बसायचं ते तुम्हीच ठरवा," ग्रोनिया म्हणाली. "थांबायचं कधी, तेही."

"आठवड्यात बरीच शहाणी झालीस गं," म्हणत बाईंनी मला ओढत भिंतीशी नेलं आणि दाराकडे तोंड करून बसल्या. आणि काय सांगू मित्रांनो, बाई बोलल्या! भावाचं सगळं सांगितलं. मध्येच थांबल्या, तेव्हा ग्रोनियाने पेन खाली ठेवलं.

शेवटी बाईच म्हणाल्या, "देवाचं विचारायचंय ना तुला?"

"सांगावंसं वाटलं तर सांगा."

"त्याच्याकडेही पाठ करून नाही बसत मी. त्याचा काय भरवसा? रोज सकाळी समोर बसते आणि नजर ठेवते त्याच्यावर."

"हे लिहू?"

"लिही. नाव नको घालूस. आणि चहा आण, घसा सुकलाय."

मित्रांनो, कुणाचं दुःख ऐकायला बसाल, तेव्हा त्याला कुठं बसायचंय हे आधी विचारा. आणि आम्हा जुन्या खुर्च्यांना जिन्याखाली कोंबू नका. मंगळवारी बाई पुन्हा येणार आहेत, या वेळी भावाच्या बायकोला घेऊन. भिंतीशी आणखी एक खुर्ची लागणार आहे.