जुने करायला दिलेले शर्ट

"मावशी, गठ्ठा कुठाय?" प्रियदर्शनी म्याडमनी चपला काढता काढता विचारलं.

"वावरात गेला," चतुराबाई म्हणाली. "पार्बताबाईच्या टोळीसंगं."

म्याडम दारातच थबकल्या. अमरावतीच्या त्यांच्या संस्थेने जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायचं काम वलगावात आणलं होतं. नमुन्याची गोधडी पसंत पडली, की चतुराबाईला बारा महिने घरबसल्या काम. कापूस वेचणं तिच्या गुडघ्यांना आता झेपत नव्हतं. आजही ती दुपारीच वावरातून परतली होती, अंगातला वेचणीचा जुना शर्टही अजून काढला नव्हता. सगळा जीव त्या गोधडीत अडकलेला.

पण मागच्या आठवड्यात संस्थेचा गठ्ठा सोडला आणि तिचं डोकंच चालेना. बारा शर्ट, सगळे कोरे! कॉलरीत पुठ्ठा, गळ्यात किमतीची चिठ्ठी. दुसऱ्या कोणाचा गठ्ठा आला असेल म्हणून तिने तो दोन दिवस झाकून ठेवला, मग फोन केला.

"तेच कापायचेत," म्याडम म्हणाल्या होत्या. "दुकानात खपले नाहीत. त्यांची फॅशन गेली."

फॅशन गेली म्हणजे गेली कुठे, हे कोणाला विचारायचं? गोधडीसाठी कोऱ्या कापडाला कात्री लावायची तिच्या घरात रीत नव्हती. कापड अंगावर विरायचं, मऊ व्हायचं, तेव्हा कुठे त्याचं पांघरूण व्हायचं. शेवटी तिने आपल्या परीने तोड काढली. वेचणीला बाया लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतातच. तिने बाराही शर्ट वाटून टाकले. आठ दिवस घाला, धुवा आणि आणून द्या!

"अहो मावशी, हे घालायचे नव्हतेच! वाया जाऊ नयेत म्हणून तर..." म्याडम म्हणाल्या.

"मंग घातले तं वाया कसे गेले? मले समजूनच नाई राहिलं, बाई."

म्याडम ओट्यावर बसल्या. "मलाही धड सांगता येत नाही. पण बाराच्या बारांची गोधडी दाखवावी लागेल. एक जरी कमी पडला तर नमुना बाद होईल."

संध्याकाळी बाया परतल्या. चतुराबाईने सांगताच एकेकीने शर्ट काढून ओट्यावर ठेवला. अकरा झाले. पार्बताबाई मात्र निळ्या शर्टाची गुंडी धरून उभीच राहिली.

"माह्या अंगाले नवा शर्ट पयल्यांदाच लागला वं," ती म्हणाली. "काढ म्हनशीन तं काढतो."

चतुराबाईचं काम हातचं जात होतं. पण काढ म्हणायला तिची जीभ उचलेना.

तिने स्वतःच्याच शर्टाच्या गुंड्या सोडल्या. तिच्या नवऱ्याला, देवमनला, जाऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या कपड्यांतला हा एवढाच उरला होता, कोपराला दोनदा रफू केलेला. तिने तो अकरा शर्टांवर ठेवला.

"हा घ्या, म्याडम. याले म्हंतेत जुना."

चतुराबाईने दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला, कात्री घेऊन बसली आणि पहिला देवमनचाच शर्ट कापला.